लोक्रोच्या पातेल्याला नळ

यादीत चौथ्या क्रमांकावर थर्मामीटर होता. तो मी खोडला. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथून झाली, असं माझी बायको देल्मिरा म्हणते. माझा मित्र फ्लोरिंदो म्हणतो की सुरुवात त्याच्याही आधी, मी तोंड उघडलं तेव्हाच झाली. दोघांचंही बरोबर आहे. दोघांनी हे मला वेळेवर सांगितलंही होतं, आणि जास्त टोचतं ते हेच.

तोंड उघडलं ते मार्चमधल्या एका रविवारी. आमच्या ओम्बू क्लबाच्या अंगणात बोचासचा डाव चालला होता, म्हणजे आम्ही सात-आठ म्हातारे मातीत जड गोळे लोळवत होतो आणि एकमेकांचे मोतीबिंदू उघडे पाडत होतो. ओतिलिया बाई छपराखाली माते, म्हणजे आमच्याकडचा तो पानांचा कडवट चहा, पीत बसल्या होत्या. डाव संपल्यावर, हवापाण्याबद्दल बोलावं तशा सहज त्या म्हणाल्या की येत्या पंचवीस मेचा लोक्रो आपल्या हातचा शेवटचा. शहाऐंशी झाली, गुडघे ऐकत नाहीत, कोर्दोबाची भाची बोलावते आहे. जूनमध्ये जाणार.

पंचवीस मेला, आमच्या राष्ट्रीय सणाला, सगळा देश लोक्रो खातो, पण आमच्या वस्तीत लोक्रो म्हणजे बाईंचा. मका, घेवडा, भोपळा, डुकराचं मांस, सॉसेज, सगळं सकाळी लाकडाच्या आगीवर चढायचं आणि दुपारपर्यंत बाई ते ढवळत राहायच्या. एक्केचाळीस वर्षं त्यांनी तो क्लबाच्या एकाच पातेल्यात रांधला. त्या लोक्रोच्या जिवावर क्लबाला छप्पर मिळालं, संडास मिळाला, बोचासच्या मैदानाला कुंपण मिळालं. आणि वर्षातून त्या एकाच दिवशी, शेवटच्या माणसाला वाढून झालं की बाई एक ग्लास बिअर प्यायच्या. एकच, तोही लहान.

बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. मी एक्कावन्न वर्षांचा होतो तेव्हा त्या याच क्लबाच्या खोलीत, संध्याकाळच्या वर्गात, आमच्यासारख्या मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. तोपर्यंत मी शहरभर नळ जोडत फिरायचो आणि माझी बिलं देल्मिरा लिहायची. बाईंनी माझं बोट धरलं नाही, पण पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं. वर्षभराने मी पहिलं बिल स्वतः लिहिलं. गिऱ्हाइकाने ते न वाचताच खिशात घातलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर त्या रविवारी सगळे गप्प होते. प्लंबर माणसाला शांतता सहन होत नाही. शांतता झाली की त्याला कुठूनतरी थेंब ऐकू यायला लागतो. मी म्हणालो, "बाई, या वर्षीची तुमची बिअर माझ्या हातची. धान्यापासून. घरी केलेली."

फ्लोरिंदो म्हणाला, "तुझ्या हातचं पाणी पिऊन लोक आजारी पडलेत, आता बिअर?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "करच. मी वाट बघते."

एवढं पुरलं.

आमच्या सांता फेमध्ये बिअर करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. कुणी तयार अर्क आणतो, पाण्यात मिसळतो आणि आपण बिअर केली म्हणतो. मला ते करायचं नव्हतं. मोड आणून वाळवलेला जव घ्यायचा, दळायचा, गरम पाण्यात भिजवून त्याची साखर उतरवायची, ते गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं, ही खरी रीत. बाईंना अर्काची बिअर द्यायची म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढण्यासारखं झालं असतं, आणि तेवढं एक मी त्यांच्या वर्गात कधी केलं नव्हतं. दोनदा केलं होतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

बस स्टँडामागे या सामानाचं दुकान आहे. तिथला दाढीवाला लाउतारो स्वभावाने गरीब मुलगा. त्याने मला नवशिक्याची यादी लिहून दिली: तीन मोठी पातेली, त्यांतल्या दोहोंना खाली नळ; तळाशी बसवायची जाळी; गार करायला तांब्याची वेटोळी नळी; थर्मामीटर; गोडी मोजायची काचेची नळी; घट्ट झाकणाचा पिंप; दळायची चक्की; बाटल्यांना बूच मारायचं यंत्र. थर्मामीटरखाली त्याने रेघ मारली. म्हणाला, "काका, बाकी काही कमी-जास्त चालेल. हा घ्याच. जव सदुसष्ट अंशांवर भिजला पाहिजे. चार-पाच अंश वर गेलात तर संपलं."

यादी घरी आणली आणि तिथेच चुकलो, कारण घरापर्यंतच्या वाटेवर तीन ओळखीचे भेटले. औषधवाला म्हणाला, पिंप काचेचाच हवा, प्लास्टिकने पुरुषांना त्रास होतो. कसला त्रास, ते सांगायच्या आत गिऱ्हाईक आलं. समोरचा तिबाल्दी, जन्मभर बँकेत नोटा मोजलेला माणूस, म्हणाला, काच फुटते. पिझ्झावाल्याकडे हिरव्या ऑलिव्हचे रिकामे पिंप फुकट मिळतात. फ्लोरिंदोने यादी हातात घेतली, चष्म्याशिवाय वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पातेली विकत कशाला? क्लबाचं पातेलं वर्षातले अकरा महिने आणि एकोणतीस दिवस झोपलेलं असतं."

एक-एक करून मी यादी माझ्या परिस्थितीला बसवली. पिंप ऑलिव्हचा. चक्की कोंबड्यांचा चारा विकणाऱ्याची, मागून आणलेली. तांब्याची नळी माझ्याच पोत्यात होती, चांगली बारा मीटर. गोडी मोजायची नळी नको, जीभ आहे. आणि थर्मामीटर.

इथे माझी बाजू मांडू द्या. मी सहा वर्षांचा असल्यापासून मातेसाठी पाणी तापवतो आहे. मातेचं पाणी उकळलेलं चालत नाही, पानं जळतात आणि कडवट होतात. कोमट चालत नाही, सासऱ्यासमोर फजिती होते. किटली आधी कुजबुजते, मग गाते, मग ओरडायला लागते. गायला लागली की उतरवायची. सत्तर वर्षं मी ते गाणं ऐकतो आहे आणि एकदाही चुकलो नाही. ज्या पाण्याने मातेचं नाजूक पान जळत नाही त्याने जवाचा दाणा कसा जळेल? मी पेन्सिल घेतली आणि थर्मामीटर खोडला. रेघ सरळ आली.

आता पातेलं. क्लबाच्या वस्तू मागायच्या तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज आमचे चिटणीस प्रुनेदा यांच्याकडे, मंगळवारी किंवा गुरुवारी, पाच ते सहा. प्रुनेदा हे आधी कुठल्याशा सरकारी खात्यात होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही. त्यांच्याकडे छापील अर्ज एकाच प्रकारचा होता, खुर्च्यांचा. मी म्हटलं, मला खुर्ची नको, पातेलं हवं. ते म्हणाले, पातेल्याचा अर्ज छापायचा तर कमिटीचा ठराव लागेल. शेवटी खुर्च्यांच्या अर्जावरच, "खुर्च्यांची संख्या" या जागी "एक", आणि कंसात "पातेलं", असं लिहायचं ठरलं. "प्रयोजन" या जागी मी "स्वयंपाक" लिहिलं. खाली एक ओळ रिकामी होती: वस्तू कोणत्या स्थितीत परत करणार. मी चष्मा पुसला, दोन्ही प्रतींवर, एकेक अक्षर सुटं आणि गोल काढून लिहिलं: "जशी नेली तशीच परत करीन. बाउदिलियो."

प्रुनेदांनी वाचलं आणि म्हणाले, अक्षर बाईंच्या वळणाचं आहे. मी दिवसभर त्या आनंदात होतो.

अध्यक्ष मासे धरायला पाराना नदीवर गेले होते, त्यांची सही यायला दहा दिवस लागले. मग मी आणि फ्लोरिंदोने दोन्ही कानांना धरून पातेलं घरी आणलं. ॲल्युमिनियमचं, साठ लिटरचं, बाहेरून काळं, आतून वर्षानुवर्षांच्या घासण्याने चांदीसारखं. तळाशी एका बाजूला पोचा होता.

देल्मिरा दारात उभी होती. म्हणाली, "बाईंना विचारलंस?"

"पातेलं क्लबाचं आहे. दोन प्रतींत अर्ज केलाय."

"मी क्लबाचं विचारलं नाही."

मी ड्रिलचं पातं शोधायला लागलो.

यादीत स्पष्ट लिहिलं होतं: पातेल्याला खाली नळ हवा. नळाशिवाय ते गोड पाणी जाळीतून खाली कसं काढणार? आणि नळ बसवायला मी दुसऱ्या कुणाला बोलावणार होतो का? या शहरात मी चाळीस वर्षं नळ बसवले, पाद्री बाबांच्या घरात बसवले, दोन दवाखान्यांत बसवले. माझ्या हातचा नळ गळतो असं म्हणणारा माणूस आजपर्यंत भेटलेला नाही. म्हणून त्या सकाळी मी अगदी आनंदात होतो. तळापासून दोन बोटं वर खिळ्याने खूण केली, म्हणजे गाळ खाली राहतो. मग ड्रिल लावलं. एक्केचाळीस पंचवीस मे पाहिलेलं ते ॲल्युमिनियम लोण्यासारखं कापलं गेलं. पितळी नळ, आतून वायसर, बाहेरून वायसर, चेकनट. पाणी भरून तासभर ठेवलं. एक थेंब नाही. मी देल्मिराला हाक मारून दाखवलं.

ती म्हणाली, "छान दिसतोय." मग थोड्या वेळाने, "काढता येतो का?"

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बिअर केली. फ्लोरिंदो मदतीला आला, म्हणजे खुर्ची आणून बसला. जव दळायला चाऱ्यावाल्याची चक्की घेतली होती. ती पिल्लांसाठी दळणारी, त्यामुळे दाणा नुसता भरडायचा त्याचं चांगलं मऊ पीठ झालं. फ्लोरिंदो म्हणाला, बारीक असलं की लवकर भिजतं. मला पटलं. पाणी गायला लागलं, पीठ घातलं, ढवळलं. मग पातेल्याखाली मंद आच ठेवून मी शेजारी कान देऊन बसलो. आवाज खाली गेला की आच वाढवायची, ओरडायला लागला की कमी करायची. तासभर मी पातेल्याला मातेच्या सुरात ठेवलं. इतक्या नजाकतीने काम केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तासानंतर नळ उघडला. काहीच आलं नाही.

नळ पूर्ण उघडला, फुंकर मारली, तार घातली. आत जवाची खळ झाली होती, भिंतीवर जाहिराती चिकटवायला वापरतात तशी. प्लंबर म्हणून सांगतो, नळाचा दोष नव्हता. शेवटी मी आणि फ्लोरिंदोने ते सगळं पळीने वरून काढलं आणि चादरीतून गाळलं. ज्या पातेल्यातून एक्केचाळीस वर्षं सगळं पळीने वरूनच निघत आलं, त्यातून आम्हीही पळीनेच काढलं. नळ तेवढ्या वेळात नुसता चकाकत होता.

उरलेलं थोडक्यात सांगतो. पाणी गोड लागलं नाही. फ्लोरिंदो म्हणाला, गोडी नंतर येते. फुलं घालून उकळलं, गार केलं, यीस्ट घातलं, ऑलिव्हच्या पिंपात भरलं. तो पिंप मी अकरा वेळा धुतला होता. यीस्टने दोन दिवस खायला काही शोधलं आणि मग नाद सोडला. बाटल्यांत भरलं. मेच्या मध्यावर पहिली बाटली उघडली. फेस नाही, रंग पावसाळी डबक्याचा, आणि वास ओल्या पोत्याचा, ज्यात कुणीतरी ऑलिव्ह नेले होते.

मी एक बाटली लाउतारोकडे नेली. त्याने घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि बाहेर जाऊन थुंकून आला. मग सगळं विचारून घेतलं. मातेचं पाणी म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. "काका, मातेचं पाणी ऐंशी अंश. जवातून साखर करणारं जे असतं, ते तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत मारलंत. आणि मग तासभर त्याचं सुतक पाळलंत."

बिअर गेली त्याचं दुःख मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी पातेलं समोर दिसलं. पंचवीस मेला आठवडा राहिला होता आणि बाईंच्या पातेल्याला नळ होता.

देल्मिरा म्हणाली, "जा आणि सांग. आज."

मी गेलो. खरंच गेलो. बाईंच्या घरी अर्धं सामान खोक्यांत भरलं होतं. त्यांनी माते केली. बोलता बोलता म्हणाल्या की कोर्दोबाला नेण्यासारखं फारसं काही नाही, ते पातेलं तेवढं नेलं असतं, पण ते क्लबाचं. त्या पातेल्याचा तळ त्यांना कानाने कळतो, म्हणाल्या. पोच्यापाशी आधी लागतं, तिथे आवाज बदलला की उलथनं तिकडे न्यायचं. मी मान हलवत राहिलो. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळताना ऐकू आला. मी उठलो, पाना मागितला, वायसर बदलला, आणि घरी आलो.

देल्मिराने विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणालो, "नळ दुरुस्त केला."

ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

नळ काढून मी तिथे पितळी प्लग बसवला. रबरी वायसर, घट्ट आवळलेला. पाणी भरून दिवसभर ठेवलं, टिपूस नाही. काजळी लावून प्लग काळा केला. प्रुनेदांनी पातेलं परत घेताना आत डोकावून पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. पातेलं बाहेरून काळं असतं, याबद्दल मी देवाचे आभार मानले.

पंचवीस मेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी हजर झालो आणि म्हणालो, आग मी सांभाळतो. पातेलं चढवताना प्लग माझ्याकडे येईल असं फिरवून घेतलं, आणि त्याच्यासमोर तिपाई टाकून बसलो. लघवीलाही उठलो नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, बघा, बाउदिलियोला बाईंच्या जाण्याचं किती लागलंय. लागलंच होतं. तेही खोटं नव्हतं.

माझ्या घरी गॅसची शेगडी, तिची आच खालीच राहते. लाकडाची ज्वाळा बाजूने वर चढते, आणि रबर पाण्याला भीत नसलं तरी आगीला भितं, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. त्या आठवड्यात तेवढं आठवलं नाही. दहाच्या सुमाराला वास आला. बाईंनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, कुणाच्या तरी बुटाचा तळवा आगीला लागलाय. मी माझे पाय मागे घेतले. मग प्लगच्या कडेने एक थेंब निखाऱ्यावर पडला आणि चुर्र झालं. मग दुसरा. मी सरकून पुढे बसलो. तिसरा आला नाही. आत सॉसेजचा एखादा तुकडा भोकावर येऊन बसला असणार. पुढचे दोन तास माझी अब्रू त्या सॉसेजवर टिकून होती. मी मनातल्या मनात त्याला हलू नकोस म्हणत होतो. बाई लांब दांड्याच्या उलथन्याने ढवळत होत्या, आणि उलथनं माझ्या बाजूला आलं की मी तिपाई आणखी पुढे ओढायचो.

बारा वाजले. फाटकापासून रांग लागली, प्रत्येकाच्या हातात आपापलं भांडं. बाईंनी शेवटचं एकदा, तळापासून जोर लावून ढवळलं.

प्लग माझ्या पायाशी येऊन पडला. त्याच्यामागून सॉसेज आलं, आणि त्याच्यामागून लोक्रो, मनगटाएवढी पिवळी धार, सरळ आगीत. इतका वेग मी एप्रिलमध्ये नळ उघडला तेव्हा मागितला होता. मी दोन्ही हात भोकावर ठेवले आणि लगेच काढले. त्या खुणा तळव्यांवर अजून आहेत. फ्लोरिंदोने पातेलं मागे कलवायला कान धरला. प्रुनेदा ओरडले की क्लबाच्या मालमत्तेला समितीच्या परवानगीशिवाय हात लावू नका. शेवटी चौघांनी ते तिरकं केलं, तेव्हा आत अर्धंच उरलं होतं आणि आग विझली होती.

बाई वाकल्या, प्लग उचलला आणि पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला. काजळी निघाली आणि खालचं पितळ दिसलं.

"हा तुझा," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

प्रुनेदा आत जाऊन फाइल घेऊन आले आणि त्यांनी सगळ्या रांगेसमोर अर्ज वाचून दाखवला: एक खुर्ची, कंसात पातेलं, प्रयोजन स्वयंपाक, जशी नेली तशीच परत करीन. बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पूर्ण वाचला.

"अक्षर छान आलंय," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलंस ना?"

"हो, बाई."

त्यांनी पळी घेतली आणि रांगेला वाढायला लागल्या. प्रत्येकाला अर्ध्या मापाने. कुणी तक्रार केली नाही, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली. शेवटच्या माणसाचं झालं तेव्हा पातेल्यात काही उरलं नव्हतं. त्यांच्या वाटणीचा लोक्रो राखेत होता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बिअर कुठाय?"

क्लबाने पिंपभर बिअर आणली होती, थंडगार, चांगली. पण त्या माझी विचारत होत्या. कोटाच्या खिशात एक बाटली होती. का आणली होती ते मलाही सांगता येणार नाही. लहान ग्लासात ओतली. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "तापात देतात त्या पेजेसारखी लागते." आणि ग्लास पूर्ण प्यायल्या. मी तिथे उभा होतो. बाई, चुकलो, एवढे दोन शब्द होते. हात दुखताहेत, असं मी म्हणालो.

नंतर कमिटी बसली. मी नवं पातेलं घेऊन दिलं, स्टीलचं, भोकाशिवायचं. जुनं वस्तूंच्या यादीतून काढायचा ठराव झाला. मग प्रुनेदांनी विचारलं की बाईंना निरोपाची भेट म्हणून काय द्यावं. बाई म्हणाल्या, ते जुनं पातेलंच द्या. भाचीच्या गच्चीत लिंबाचं झाड लावीन, भोक आयतंच आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते पातेलं कोर्दोबाच्या बसच्या पोटात, माझ्याच पानेबिनेवाल्या पोत्यात गुंडाळून गेलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी हात हलवला, पट्ट्या बांधलेला.

ऑक्टोबरात पत्र आलं. लिंबाने धरलंय, पण पानं पिवळी पडताहेत. भोक तळापासून दोन बोटं वर आहे, तेवढं पाणी खाली साचून राहतं. असं वर का पाडलंस, आणि आता काय करू, ते लिहून कळव.

मी वही घेऊन बसलो. पहिला भाग सोपा होता. गाळ खाली राहावा म्हणून भोक वर पाडलं होतं. आता दुसरं पाडून घ्या, तळाच्या मधोमध, बोटाएवढं, पोचा सोडून. आधी खिळ्याने खूण करायला सांगा म्हणजे ड्रिल घसरत नाही. हे सात ओळींत संपलं आणि पानाचा बराच भाग कोरा राहिला. देल्मिरा माते घेऊन आली, पान पाहिलं, किटली माझ्याजवळ ठेवली आणि बाहेर गेली. मार्चपासूनचं सगळं मी त्या कोऱ्या जागेत लिहिलं, पहिल्या रविवारपासून सॉसेजपर्यंत, आणि त्यांच्या घरून वायसर बदलून आलो त्या दिवसाचंही. दोन शब्द होते ते सगळ्यात शेवटी लिहिले. तीन तास लागले. पाणी गार झालं होतं. परत वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून तसंच पाकिटात घातलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एवढंच होतं:

"भोक पाडून घेतलं. पाणी निघतं. या वेळी तुझं अक्षर फारच वाईट आलंय, दोन ओळी तर वाचताच आल्या नाहीत. पत्र ठेवून घेतलंय."